चार हजारांत पहिलं स्वयंपाकघर: तो २१ नगांचा सेट घेऊ नकोस

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, आणि सकाळी चहा टाकताना परत आठवला. वय २३, चिपळूणचा मुलगा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पहिली नोकरी, जुळे सोलापुरात भाड्याची खोली, भांड्यांसाठी चार हजार रुपये. मोबाइलवर २१ नगांचा नॉनस्टिक सेट दिसलाय, तो घेऊ का? गॅस बरा की इंडक्शन? आई म्हणते खवणी ने, ती नेऊ का? आणि आजीचं पितळी पातेलं आणलं तर चालेल का? मी इथं १८ वर्षं मुलांची मेस चालवली. तुझ्याएवढी पोरं ताटावर बसवलीत, म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

सेट घेऊ नकोस. त्या २१ नगांत झाकणं मोजलेली असतात, लाकडी चमचे मोजलेले असतात, कधीकधी तर घासणीसुद्धा. उरतात तीन मापांच्या तीन कढया, त्यातली एकच रोज चुलीवर चढणार. बाकीच्या दोन ओट्याखाली एकमेकींत घालून ठेवशील आणि खोली बदलताना शिव्या देत उचलशील.

त्यापेक्षा एक कागद घे आणि पुढच्या आठवड्यात खरंच काय खाणार आहेस ते लिही. 'शिकायचंय' ते लिहू नकोस, खाणार ते लिही. माझ्या अंदाजाने भात, वरण, अंडी, पोहे, एखादी पालेभाजी, चहा एवढं निघेल. म्हणजे कुकर, कढई, तवा, चहाचं पातेलं आणि सुरी. पहिल्या दिवशी एवढंच घे.

सगळ्यात आधी कुकर. एकट्याला तीन लिटरचा पुरतो, कधी मित्र आला तरी पुरतो. बुटका-रुंद घेऊ नकोस, उभट घे. आत दोन डबे एकावर एक बसतात, खाली डाळ, वर तांदूळ, एका गॅसवर जेवण होतं. कुकरला आयएसआयची खूण २०२१ पासून सक्तीची आहे. भांड्यावर ती खूण आणि आयएस २३४७ हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस, रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळाला तरी. तू म्हणशील, वरण तर पातेल्यातही शिजतं. तुमच्याकडच्या पाण्यात शिजत असेल. इथं बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे डाळीचं साल आणि गर मऊच पडत नाहीत. तासभर उकळा, डाळ दाताखाली लागतेच. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते म्हणून निभावतं. तरीही डाळीला नळाचं पाणी वापर, बोअरचं धुण्याभांड्याला.

डबे न लावता डाळ थेट कुकरात टाकलीस तर अर्ध्याच्या वर भरू नकोस, आणि थेंबभर तेल टाक, फेस कमी येतो. झाकण लावायच्या आधी ते उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार बघ. मी एकदा बघितलं नव्हतं. सकाळी साडेदहाची घाई, चाळीस डबे जायचे, नळीत कालच्या डाळीचं साल अडकलेलं. शिट्टी काही होईना, मी आपली कणीक मळत बसले, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. व्हॉल्व्हने आपलं काम केलं म्हणून मी आज हे लिहितेय. छतावर पिवळा डाग पडला तो पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत तसाच होता. पोरं जेवायला बसली की वर बघून हसायची.

आता तवा. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण सोलापुरात राहायचं म्हणजे आज ना उद्या तुला भाकरी थापावीशी वाटणारच. तवा लोखंडी घे, जाड बुडाचा, दहा-अकरा इंची. हातात घेतल्यावर मनगट खाली जायला हवं, दीड-दोन किलोचा. पातळ पत्र्याचा तवा चार महिन्यांत मधून फुगतो आणि भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. माझा तवा मी गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत होम मैदानावरून घेतला. तू जानेवारीपर्यंत थांबू शकत नाहीस, तेव्हा मधल्या मारुतीच्या बाजारात जा. स्टीलची भांडी अजून बऱ्याच दुकानांत काट्यावर ठेवून वजनावर देतात; तिथं दोन कढया उचलून बघ, बुडाला अंगठ्याने दाब दे. दाबली जाते ती परत ठेव.

नवा तवा आणला की लगेच वापरायचा नाही. गंजू नये म्हणून त्यावर तेलकट थर दिलेला असतो. गरम पाणी, साबण, तारेची घासणी लावून पाणी काळं यायचं थांबेपर्यंत घास. मग गॅसवर पूर्ण वाळव. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरव, धूर येईपर्यंत तापव, गार होऊ दे. असं तीन-चारदा कर. तेलाचा पातळ थर तापून लोखंडावर घट्ट बसतो, आणि तवा राखाडीचा काळा होत जातो. पहिल्या दोन भाकऱ्या तरी काळपट निघतील, त्या गाईला. एकदा तवा बसला की त्याला साबण लावायचाच नाही, गरम असताना ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा. चिंच, टोमॅटो, कोकम असलं आंबट काही त्यावर शिजवू नकोस; थर निघतो आणि भाजी काळी पडते.

नॉनस्टिक भाकरीला का नको, तेही सांगते. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापलेला लागतो. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवला की काही मिनिटांत तेवढा तापतो. मेसमध्ये पोरांना डोसे हवेत म्हणून मी एक महागाचा नॉनस्टिक तवा आणला होता. मदतीच्या मावशींना भाकरीच येत होती, त्यांनी त्यावर भाकरी टाकली आणि लोखंडी उलथन्याने उलटली. पंधरा दिवसांत मधे रुपयाएवढं टक्कल. मावशींची चूक नव्हती, मीच चुकीच्या कामाला चुकीचं भांडं आणलं. ऑम्लेटसाठी हट्टच असेल तर वर्षभराने छोटा पॅन घे.

भाकरीचं पीठ कणकेसारखं ताणत नाही, ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून आधणाचं पाणी घालून मळायचं. तुमच्याकडे तांदळाच्या पिठाला करतात तेच. पीठ ताजं लागतं. महिना-दीड महिना पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडेने फाटते, मग पोरं म्हणतात आम्हाला जमत नाही. ज्वारी दोन किलोच आण, मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम, आणि गिरणीतून दळून घे. काटवट शोधत बसू नकोस, स्टीलची परात चालते. फक्त थापताना ती ओट्यावर गरगर फिरते, तिच्याखाली ओलं फडकं पसर. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात, पाणी वाळत आलं की उलटायची, दुसरी बाजू झाली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर. फुगली नाही तरी खा.

जमेपर्यंत कडक भाकरी विकत आण. इथल्या बायका पापडासारखी पातळ करून विकतात, डब्यात महिनाभर टिकते, वरणात चुरून खाल्ली की काम झालं. मी मेस चालवतानाही घरी तीच खायचे, कुणाला सांगू नकोस.

गॅस की इंडक्शन, ह्याचं उत्तर भाकरीनेच दिलंय: इंडक्शनवर जाळ नाही. शिवाय त्यावर चुंबक चिकटतो तेच भांडं तापतं. आजीचं पितळ तापणार नाही, साधी ॲल्युमिनियमची कढई तापणार नाही. दुकानात जाताना फ्रिजवर लावायचा एखादा चुंबक खिशात टाकून जा. आणि खोलीतलं सॉकेट बघ: २००० वॅटची इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढते, मोबाइल चार्ज करायच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही, १६ अँपिअरचं लागतं. भाड्याच्या खोलीत ते बहुतेक फक्त गिझरपाशी असतं. गॅस कनेक्शनच्या कागदपत्रांची अडचण असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. नळी आयएसआयची, केशरी, आतून तारेची घे. तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांच्या आत बदलायची. जुन्या शेगडीबरोबर फुकट मिळालेली नळी वापरायची नाही. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून ओट्याखालचं कपाट सतत बंद ठेवू नकोस. शेगडीचा खर्च चार हजारांत बसवायला जाऊ नकोस. आधी घरमालकाला विचार, पुष्कळदा माळ्यावर एखादी पडलेली असते.

बारीकसारीक भराभर सांगते. सुरी एकच, पण धारेची, आणि भाजी चिरायला लाकडी पाट. विळीवर हात बसलेला नसेल तर आत्ता शिकायला जाऊ नकोस, ऑफिसला उशीर होतो. सांडशी चांगली घट्ट घे, सैल सांडशीने चहा पायावर सांडतो. उलथनं, डाव, चहाची गाळणी, मिसळणाचा डबा. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. पोळपाट-लाटणं दुसऱ्या महिन्यात, मिक्सर दिवाळीच्या बोनसला.

आता आईची खवणी. आईला वाईट वाटेल, पण ठेव तिथंच. इथं नारळ देवाला फोडतात, भाजीत शेंगदाण्याचा कूट जातो. खवणीच्या जागी लोखंडी खलबत्ता आण, मोठा, बसका, ओट्यावर हलणार नाही असा. सोलापूरची शेंगा चटणी मिक्सरमध्ये नीट होत नाही: पातं फिरतं तेवढ्यात दाण्याचा एक तर भुगा होतो नाहीतर लगदा. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं पाखड, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ, आणि कुटत राहा. आधी कोरडा आवाज येतो, खडखड. मग हळूहळू आवाज बसका होतो, बत्ता चिकटायला लागतो, आणि चटणी कडेने तेलाने चमकते. तिथं थांब. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, सकाळची भाजी संध्याकाळी आंबते, आणि तुझ्याकडे फ्रिज नाही. ही चटणी बरणीत आठ-पंधरा दिवस राहते.

तुझ्या यादीत एक गोष्ट नव्हतीच, ती मी घालते. पाण्याचं पिंप, झाकणाचं आणि तोटीचं, वीस लिटरचं. कित्येक भागात पाणी रोज येत नाही, चार-चार दिवसांची वाट बघावी लागते, आणि येतं ते भलत्याच वेळी. तुझ्या गल्लीची पाळी शेजारणीला विचारून ठेव. भांडी कमी घे म्हणते त्यातलं अर्धं कारण हे आहे: घासायला पाणी लागतं. कुकरमध्ये वरणभात, तवा पुसून ठेवला, ताट एक. बादलीभर पाण्यात दिवस निघतो.

आजीचं पातेलं जरूर आण. फक्त आतून बघ. चांदीसारखं पांढरं दिसलं तर कल्हई, म्हणजे आतला कथलाचा थर, शाबूत आहे, बिनधास्त वापर, रिकामं मात्र तापवू नकोस, कथील वितळतं. मधे मधे पिवळं उघडं पडलं असेल तर त्यात आमटी, ताक, कोकम काहीही आंबट घालायचं नाही, कळकतं. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो. भांड्यांच्या दुकानात चौकशी कर, बहुतेकांना एखादा माहीत असतो. तो सापडेपर्यंत त्यात पाणी भरून ठेव.