नावावर खपलेलं

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचंच नाव आणि त्यांचंच आडनाव घेऊन कुणी गृहस्थ राजकीय वात्रटिका लिहितात. ओळख ना पाळख. 'टोपणनाव म्हणून सुचलं' एवढंच त्यांचं म्हणणं. इकडे ऐन जेवणाच्या वेळी मामेसासऱ्यांचा फोन: "सूनबाई, बाजार समितीवर असलं काही लिहिण्याआधी आमचा गाळा तिथेच आहे, एवढं तरी आठवायचं." ताई विचारतात, या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? टोपणनाव, छद्मनाम की तोतयेगिरी?

तिन्ही नाही.

'टोपणनाव' या शब्दाचा तर आपण पार चोथा केला आहे. घरी पिंट्या म्हणतात ते टोपणनाव, कवीचं ते टोपणनाव, गुंडाच्या नावापुढे 'उर्फ' लावून येतं तेही टोपणनाव! अहो, टोपण म्हणजे झाकण. आत काय आहे ते दिसू नये म्हणून वर ठेवायचं ते. पिंट्याला कोण झाकतंय? 'छद्मनाम' म्हणणाऱ्यांना आपण काही भारदस्त बोललो असं वाटतं. पण छद्म आला छद् या धातूवरून, ज्यातून आच्छादन आणि छत्र आले. म्हणजे पुन्हा झाकणच, फक्त जर्मनऐवजी चांदीचं. आणि झाकण आपल्या भांड्याचं आपण वापरावं. इथे गृहस्थांनी ताईंच्या पातेल्यावरचं उचलून स्वतःच्या पातेल्यावर ठेवलंय. त्यांचं झाकलं गेलं, ताईंच्या दुधात माशी पडली.

यावर हमखास येणारा आक्षेप: मोठ्या कवींनीही दुसऱ्यांची नावं घेतलीच की! घेतली. केशवसुतांनी वडिलांचं घेतलं, गोविंदाग्रजांनी धाकट्या भावाचं, कुसुमाग्रजांनी बहिणीचं. पण शेपूट बघा ना! सुत, अग्रज, अग्रज. नाव ज्याचं त्याच्यापाशीच राहतं, कवी फक्त आपलं नातं सांगतो. कवितेतल्या ओळीचा जाब विचारायला कुणी कुसुमताईंच्या दारात जाणार नाही.

आता तोतया. जुन्या मराठीत 'तोत' म्हणजे ढोंग, बनाव, त्यावरून तोतया. (बोलका पोपट नक्कल करतो, म्हणून तोत्यावरून तोतया, असं एका व्याख्यानात ऐकलं तेव्हा मी चहाला उठलो. 'तंतोतंत'मध्येही तोत दिसतो म्हणून उद्या कुणी तोही जोडेल.) पण तोतया नुसतं नाव घेत नाही, तो अख्खा माणूस होऊन समोर उभा राहतो. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले आणि पुढे एक जण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. कोकणात त्याने फौज जमवली, किल्ले घेतले, आणि 1776 साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. आपले वात्रटिकाकार 'मीच त्या ताई' असं कुठे म्हणतात? लग्नाच्या पंगतीत ताईंच्या पाटावर ते येऊन बसलेले नाहीत. म्हणून ते तोतये नव्हेत. ताप मात्र तोच.

मराठीजवळ याला नाम नाही, क्रियापद आहे, आणि ते इतकं झकास आहे की नाम नाही याचं मला अजिबात दुःख नाही: नावावर खपवणे.

खपणे हा शब्द नीट पाहा. आंबे बाजारात खपले, म्हणजे विकले गेले. आई लेकीच्या लग्नात खपली, म्हणजे राबली, झिजली. पानिपतावर माणसं खपली, म्हणजे मेली. 'हे इथे खपायचं नाही', म्हणजे चालायचं नाही. विकणं, झिजणं, मरणं, चालून जाणं, सगळं एकाच धातूत! कारण मूळ एक आहे. संस्कृत क्षि म्हणजे झिजणं, सरणं, त्यातूनच क्षय. त्याचं प्रयोजक रूप क्षपयति, म्हणजे नाहीसं करतो. क्षीरची खीर झाली, क्षारचा खार झाला, तसा क्षप् चा खप. माल दुकानातून सरला म्हणजे खपला. वर्तमानपत्रांच्या 'खपा'मुळे हा शब्द छापखान्याबरोबर आला असं समजणाऱ्यांनी एकदा आजीला विचारावं, दिवसभर ती कशात खपते ते. माझा आवडता तर्क असा की 'त्याच्या नावावर खपवलं' या प्रयोगात अर्थाचे दोन्ही टोक एकदम वाजतात: माल सरतो एकाचा, झिजतं नाव दुसऱ्याचं. कोशात हे असं जोडून सापडणार नाही. कोशकार अर्थांना क्रमांक देतात आणि शेजारीशेजारी बसलेल्या भावंडांची ओळख करून द्यायला विसरतात.

याची उलटी बाजूही मराठीत जुनी आहे. तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून सांगणाऱ्या सालोमालोवर ते चिडले होते: 'अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें ॥' ती झाली वाङ्मयचोरी. ताईंच्या बाबतीत ओळ फिरवायची: म्हणती आपुलें एकाचें! चोरीला निदान शब्द आहे, कायदा आहे, बोंब मारायची सोय आहे. घरात कुणी काही आणून टाकलं तर फिर्याद कसली देणार? विष्णुदास नामा हा नामदेवांनंतरचा वेगळा कवी. नामा ही मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारं कवीचं नाव, त्याने काही लबाडीने घेतली नव्हती, तरी त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले आणि ते निवडून काढता काढता अभ्यासक खपले. (तिसरा नव्हे, दुसरा अर्थ.) भल्या माणसाकडून इतका घोळ होतो, तर 'सुचलं म्हणून' नाव घेणाऱ्याकडून किती होईल?

हो, ताईंचा प्रश्न राहिलाच. त्या गृहस्थांना एवढंच कळवा की निदान शेपूट तरी लावा. वात्रटिका आवडत असतील तर 'अग्रज' लावायला परवानगी द्या, नसतील तर तीही नको. आणि मामेसासऱ्यांना माझं हे व्युत्पत्तिपुराण वाचून दाखवू नका. ते फळांचे आडते आहेत म्हणता ना? मग "मामा, कुणीतरी आपला माल माझ्या नावावर खपवलाय" एवढंच म्हणा. देवगडचा शिक्का मारलेल्या पेटीतून निघालेला कर्नाटकी आंबा त्यांनी आयुष्यभर हुंगला असेल.