टॉर्पेडो हीटर पेटत नाही: स्पार्क प्लग बदलण्याआधी आणि बदलताना

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. मिशिगनमध्ये गॅरेज सेलमधून (घरगुती जुन्या वस्तूंच्या विक्रीतून) घेतलेला, रॉकेलवर चालणारा, ताशी ७०,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) देणारा जुना टॉर्पेडो हीटर, म्हणजे पंख्याने गरम वारा पुढे फेकणारा नळकांड्यासारखा हीटर आहे. वीज जोडली की मोटर फिरते, पंखा वारा फेकतो आणि पुढच्या तोंडातून रॉकेलच्या उग्र वासाचे पांढरे धुके बाहेर येते. पण ज्वाला धरत नाही आणि थोड्याच सेकंदांत यंत्र आपोआप बंद पडते. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बदलावा काय, आणि मोटारीच्या दुकानात मिळणारा साधा प्लग चालेल काय, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा होय, पण तपासून’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘नाही’.

मी मिनेसोटात राहतो आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये सुतारकाम करतो, त्यामुळे असा हीटर अनेकदा उघडून पुन्हा बसवण्याचा योग आला आहे. साध्या १,५०० वॅटच्या विजेच्या हीटरने उणे वीस अंशांत गॅरेज तापत नाही. तुमचा हीटर त्याच्या तेरा-चौदा पट उष्णता देतो आणि त्यासाठी तासाला जवळजवळ दोन लिटर रॉकेल पितो, म्हणून लोक त्याचा आवाज आणि वास सहन करतात.

यंत्राची रीत एकदा ध्यानात आली की दोष शोधणे सोपे जाते. आपल्या घरी पूर्वी असलेल्या पंपाच्या स्टोव्हशी याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु तो स्टोव्ह टाकीत हवा भरून रॉकेल वर ढकलत असे आणि तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ करत असे. या हीटरची टाकी दाबाखाली नसते. याचा खरा भाऊबंद म्हणजे ढेकूण-डासांवर औषध फवारण्याचा जुना फ्लिटचा पंप. मोटरच्या मागच्या टोकाला एक छोटा हवेचा पंप असतो. त्यात कार्बनच्या पात्या बसवलेले चाक फिरते आणि साधारण तीन ते पाच पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाची हवा नोझलकडे, म्हणजे फवाऱ्याच्या बारीक तोंडाकडे जाते. ती हवा नोझलमधून सुटताना टाकीतले रॉकेल नळीवाटे वर ओढून घेते आणि त्याचे धुके करते. त्या धुक्यात ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या हजारो व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकांमध्ये पडते आणि ज्वाला धरते. मोटरच्या दुसऱ्या टोकावरचा पंखा ती उष्णता पुढे ढकलतो. प्रकाशाला संवेदनशील असलेला एक डोळा, म्हणजे फोटोसेल, ज्वालेवर पाळत ठेवतो आणि ती दिसली नाही तर सगळे बंद करतो.

म्हणून पाना हाती घेण्याआधी नाक आणि डोळे वापरावेत. मोटरच फिरत नसेल तर प्लगचा काही संबंध नाही. तिथे थर्मोस्टॅट, फ्यूज किंवा वायर पाहावी. मोटर फिरते पण पुढून रॉकेलचा वासच येत नसेल, तर धुके तयार होत नाही. म्हणजे फिल्टर, पंपाचा दाब, नोझल किंवा टाकीतले पाणी यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. ज्वाला छान पेटते आणि काही सेकंदांनी विझते, तर बहुतेक वेळा फोटोसेल मळलेला असतो. तुमच्यासारखे पांढरे धुके भरपूर येत असेल आणि ज्वाला अजिबात धरत नसेल, तेव्हाच संशय ठिणगीवर जातो.

हे मी इतके ठासून लिहितो याला कारण आहे. पहिल्या हिवाळ्यात माझा हीटर पेटायचा, आठ-दहा सेकंद आत तांबूस उजेड दिसायचा, मग आत ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि सगळे शांत. मी ठिणगी कमजोर आहे असे ठरवून मोकळा झालो, नवा प्लग मागवला, शनिवारची सकाळ घालवून बसवला, आणि हीटर पुन्हा आठ सेकंदांत विझला. दोष होता फोटोसेलच्या काचेवर बसलेल्या लाकडाच्या भुशाचा. कापसाच्या बोळ्याने एकदा पुसल्यावर तो हीटर संध्याकाळपर्यंत चालला. एकदा पेटून विझणाऱ्या हीटरच्या प्लगला दोष देऊ नये, कारण ठिणगीने आपले काम तिथे केलेलेच असते. (लाकडाचा भुसा हवेत उडत असताना असा हीटर चालवणे मुळातच धोक्याचे आहे, हे मला उशिरा कळले. आता मी आधी झाडून घेतो आणि मगच हीटर लावतो.)

आणखी एक गोष्ट मागवामागव करण्याआधी पाहावी. अलीकडच्या अनेक मॉडेलांत स्पार्क प्लग नसतोच; त्याऐवजी विजेने लालभडक तापणारा एक ठिसूळ इग्नायटर असतो. तो मिळाल्यास बोटांनी हाताळू नये, कारण तो चटकन तुटतो, आणि ज्याला गॅपच (ठिणगीच्या दोन टोकांमधले अंतर) नाही त्यावर पुढची कृती लागू होत नाही. तुमचा हीटर जुना आहे आणि मागच्या बाजूने जाड, रबरी आवरणाची एकेरी वायर आत जाते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून तो प्लगचाच असावा.

आता प्रत्यक्ष काम. हीटर पूर्ण थंड झाल्यावर वायर भिंतीतून काढावी आणि तिचे टोक तुमच्या नजरेसमोर राहील असे ठेवावे. बटण बंद करणे पुरेसे नाही. वरच्या अर्ध्या कवचाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू बहुधा ५/१६ इंची पान्याने निघतात. कवच उचलले की पंख्याची जाळी मोकळी होते. पंखा मोटरच्या दांड्यावर एका छोट्या स्क्रूने आवळलेला असतो. तो षटकोनी किल्लीने सैल करून पंखा सरळ ओढून काढावा, पात्याला धरून वाकवू नये. पात्याला किंचित बाक आला तरी पुढे सगळे यंत्र थरथरत राहते. काढण्यापूर्वी फोनवर दोन-तीन फोटो घ्यावेत, विशेषतः पंख्याचा तोंडाकडचा भाग कोणता आणि कोणती नळी कुठे जाते याचे. मला आठवते असे समजून मी एकदा पंखा उलटा बसवला होता. तो गरगर फिरला, पण वारा मागे गेला.

पंखा गेला की जळणाच्या नळकांड्याचे मागचे झाकण दिसते, आणि त्याच्या मध्यावर नोझल, बाजूला प्लग. प्लगवरची टोपी वायरला धरून ओढू नये. टोपीच पकडून किंचित फिरवत काढावी. प्लगचा षटकोन बहुतेक मॉडेलांत १३/१६ इंची पान्यात बसतो. जुना प्लग पुष्कळदा काजळीने जखडलेला असतो, त्यामुळे झटका देण्याऐवजी हळूहळू ताण वाढवावा, नाहीतर चिनीमातीचा भाग तडकतो आणि निदान करायला जुना प्लगच उरत नाही.

हा जुना प्लग लगेच कचऱ्यात टाकू नये. खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहावा. टोकांवर काळी, तेलकट काजळी असेल तर ती मऊ कापडाने आणि गरज पडल्यास बारीक पॉलिशपेपरने काढता येते. चिनीमातीच्या भागावर तारेचा ब्रश घासू नये, कारण धातूचे सूक्ष्म ओरखडे तिथे राहतात आणि ठिणगी त्या वाटेने पळते. चिनीमातीला केसासारखी बारीक चीर दिसली, मग ती कितीही क्षुल्लक वाटो, प्लग बाद समजावा. मल्टिमीटर असल्यास वायर बसते ते टोक आणि प्लगचे धातूचे अंग यांत रोध मोजावा. तिथे काहीच जोड दाखवता कामा नये. दाखवली तर विजेला ठिणगी पाडण्यापेक्षा सोपी वाट सापडली आहे.

मोटारीचा प्लग का चालत नाही, याचे उत्तर गॅपमध्ये आहे. मोटारीच्या प्लगची टोके सहसा एक मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. या हीटरच्या प्लगला अनेक मॉडेलांत ०.१४० इंच, म्हणजे साडेतीन मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर लागते. इंजिनमधली ठिणगी दाबलेल्या मिश्रणात पडते, तिथे लहान अंतर पुरते. इथे उघड्या हवेत वेगाने जाणाऱ्या रॉकेलच्या धुक्याच्या आरपार ठिणगी जायची असते, आणि बारीक ठिणगीला ओल्या थेंबांनी विझवायला फारसा वेळ लागत नाही. शिवाय हीटरच्या प्लगचे टोक लांब आणि वाकवलेले असते ते धुक्यापर्यंत पोहोचावे म्हणून. साध्या प्लगाचे आटे बसले तरी ते टोक फवाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून हीटरच्या मॉडेल क्रमांकावरूनच प्लग मागवावा, आणि गॅपचा आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्यावा.

नवा प्लगही योग्य अंतराचाच येतो असे गृहीत धरू नये. डब्यात आपटल्याने टोक वाकते. मोटारीच्या गॅप मोजायच्या पट्ट्या इतक्या जाड नसतात. त्यावर माझा उपाय असा की ९/६४ इंची ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी दोन्ही टोकांमध्ये सरकवून पाहायची. तिचा व्यास ०.१४०६ इंच, म्हणजे हव्या त्या आकड्याला अगदी चिकटून. ती किंचित घासत आत गेली की काम झाले. वाकवायचे असल्यास बाहेरचे टोकच बारीक पकडीने वाकवावे. मधल्या टोकाला बळ लावल्यास चिनीमाती फुटते.

परत बसवताना प्लगाचे आटे आधी बोटांनीच फिरवावेत आणि मग पान्याने माफक आवळावेत. पंख्याचा स्क्रू दांड्याच्या सपाट भागावर बसला पाहिजे, गोल भागावर आवळल्यास तो चालता चालता सैल होतो. वायर भिंतीत घालण्यापूर्वी पंखा हाताने दोन फेरे फिरवावा. कुठे घासत असेल तर तो आवाज आता ऐकू येईल.

पहिल्यांदा पेटवताना मात्र घाई करू नये. तुम्ही तो पेटत नाही म्हणून अनेकदा चालू केला असेल, तर न जळलेले रॉकेल आतल्या नळकांड्यात साचलेले असते, आणि ठिणगी सुधारली की ते एकदम भडकून तोंडातून ज्वाला बाहेर येते. तोंडाकडचा भाग किंचित खाली कलवून साचलेले रॉकेल एखाद्या तसराळ्यात उतरवावे, आतून पुसून घ्यावे, थोडा वेळ उघडे ठेवावे, आणि मग हीटर उघड्या जागेत, तोंडासमोर काही नसताना, बाजूला उभे राहून चालू करावा. कवच उघडे ठेवून ठिणगी बघण्याचा प्रयोग कृपया करू नका.

नव्या प्लगने, योग्य अंतर ठेवूनही, धुके येते पण ज्वाला नाही अशी स्थिती राहिली, तर पुढचा संशय वायरच्या टोपीवर आणि तिच्या रबरावर घ्यावा. तिथे चीर असल्यास ठिणगी प्लगऐवजी कवचाकडे उडते. त्यानंतर राहतो ट्रान्सफॉर्मर, आणि तो घरी तपासण्याची वस्तू नव्हे. त्याची किंमत जुन्या हीटरच्या किमतीशी ताडून पाहावी. गॅरेज सेलच्या भावात घेतलेल्या यंत्राला नवा ट्रान्सफॉर्मर टाकणे मला तरी परवडलेले नाही.

इंधन स्वच्छ १-के रॉकेलच असावे. त्यात गंधक वजनाने ०.०४ टक्क्याच्या आत असते, तर २-के प्रतीत ते ०.३ टक्क्यांपर्यंत चालते, आणि हा फरक बंद गॅरेजमध्ये नाकाला चटकन जाणवतो. पेट्रोल तर चुकूनही नको. गॅरेजचे दार दोन-चार बोटे उघडे ठेवावे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर असावा. घराच्या आतल्या खोल्यांसाठी हे यंत्र नाही. जुना प्लग तडकलेला नसेल तर तो स्वच्छ करून गॅप जुळवून डब्यात ठेवा, आणि ती ९/६४ ची ड्रिलही त्याच डब्यात टाका, म्हणजे जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दोन्हीसाठी शोधाशोध करावी लागणार नाही.