टर्न-की करार, जोत्याची उंची आणि भाववाढ

वडोदऱ्यातील मांजलपूर भागात राहणाऱ्या एका निवृत्त वाचकांनी पत्रातून विचारणा केली आहे. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधून घेण्यासाठी त्यांनी एका बांधकाम फर्मशी ३८ लाखांचा टर्न-की करार केला आणि २४ लाख दिले. तळमजल्याचा स्लॅब भरून झाल्यावर लोखंड व सिमेंट महागल्याचे कारण सांगून फर्मने आणखी ६ लाख मागितले असून चार महिने काम बंद आहे. तेव्हा दुसरा ठेकेदार नेमावा काय?

नेमता येईल, पण आज नाही.

मजुरीवर दिलेल्या कामात माल मालकाने आणायचा असतो, त्यामुळे भाववाढ त्याच्याच माथी बसते. आयटम रेटमध्ये, म्हणजे प्रत्येक कामाचा दर ठरवून दिलेल्या करारात, मोजमापाप्रमाणे बिल होते. टर्न-की कामात मात्र नकाशापासून किल्ली हाती देईपर्यंतची जबाबदारी ठरलेल्या एकाच रकमेत फर्मने पत्करलेली असते. आपल्या दोन पानी करारात भाववाढीचे कलम नाही, आणि काम महाग पडू लागले एवढ्यानेच करारातून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच अलोपी प्रसाद प्रकरणात स्पष्ट केले आहे.

परंतु २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्री नदीचा पूर पाहून जोते दीड फूट उंच घेण्यास आपण तोंडी सांगितले, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत आले आहे. फर्मचे वकील नेमके तेथूनच सुरुवात करतील. सांगून करून घेतलेल्या आणि आपल्या उपयोगी पडलेल्या जादा कामाचा वाजवी मोबदला भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० खाली मागता येतो.

दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेऊन तो खर्च मूळ फर्मकडून वसूल करण्याची मुभा विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २० मध्ये, २०१८ च्या दुरुस्तीनंतर, आहे. मात्र त्यासाठी आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि एकदा हा मार्ग धरला की मूळ फर्मनेच घर पूर्ण करावे अशी मागणी करता येत नाही. नोटिशीपूर्वी एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाचे मोजमाप आणि तारखेसह फोटो घेऊन ठेवावेत, कारण नव्या मिस्त्रीचा हात लागल्यावर जुने काम किती होते हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

नोटीस निष्फळ ठरल्यास वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण तेथेच चालेल, शुल्क १,००० रुपये आहे, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. करारात लवादाचे कलम असले तरी आयोगाचे दार बंद होत नाही. बिल्डरांच्या विक्रीसाठीच्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या रेराचा मात्र येथे उपयोग नाही, कारण फर्म आपल्याला घर विकत नसून आपल्याच जमिनीवर बांधून देत आहे.

नोटिशीत जोत्याच्या वाढीव कामाचे, मोजमापाने ठरतील तेवढे पैसे देण्याची तयारी आवर्जून लिहावी. ते ६ लाख मात्र ‘तूर्त देऊन पुढे बघू’ म्हणूनही देऊ नयेत.