हनुवटीवरच्या पुळ्या आणि पाळीची वही

प्रिय मुली,

दिवसातून चारदा चेहरा धुऊनही हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला ठणकणाऱ्या पुळ्या येतातच, असं तू लिहिलंस. आधी धुणं दोन वेळांवर आण. हा मळाचा प्रश्न नाही.

अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजले जाणारे हार्मोन, बायकांच्या शरीरातही असतात. ते त्वचेतल्या तैलग्रंथींना जास्त तेल बनवायला लावतात. तेल आणि मृत पेशींनी छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. कित्येकींच्या रक्तात हार्मोन प्रमाणातच असतात, ग्रंथीच जास्त हळव्या असतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा, असं नाही.

एक वही कर. पाळीची तारीख आणि पुळ्या कधी वाढल्या, एवढंच लिही. पाळीच्या आठवडाभर आधी त्या वाढतात, हे पुष्कळजणींचं होतं. पण पाळी वारंवार 35 दिवसांच्या पुढे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे पाळी आणि बीजांडकोशांवर परिणाम करणाऱ्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घे. मानेवर काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसतोय का, तेही बघ. मळ समजून घासून घासून मान सोलवटलेली मुलगी मी पाहिली आहे. तो पट्टा बहुतेकदा इन्शुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची, खूण असतो, साबणाने जाणार नाही.

सोनोग्राफीत ‘सिस्ट’ शब्द वाचून रडत बसू नकोस. पीसीओएस ठरवायला डॉक्टर वापरतात त्या 2003च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तसे दिसणारे बीजांडकोश. पहिल्या पाळीला आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी धरतच नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांग, त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन कमी दिसतं. त्वचा कोरडी पडून थकवाही असेल तर थायरॉइड बघतील.

मैत्रिणीची स्टेरॉइडची ट्यूब मात्र नको. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग पुळ्या उसळतात. आयसोट्रेटिनॉइन हे पुळ्यांवरचं औषधही स्वतःच्या मनाने नको; गरोदरपणात त्याने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

आवाज घोगरा होऊ लागला किंवा केस झपाट्याने वाढले, तर वही भरायची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ. एरवी औषधाला तीन महिने दे. आजच खिडकीपाशी एक फोटो काढून ठेव, पुढचे त्याच उजेडात काढ. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

तुझी ताई