जुनी हार्ड डिस्क, नवा मदरबोर्ड : पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि घरोघरी, छापखान्यांत, हिशेबनिसांच्या टेबलांवर नवे मशीन आले. जुन्या कॅबिनेटमधल्या डिस्कचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून थांबलेला नाही. पत्रे वेगवेगळी असली तरी गोंधळ तेच आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देतो.

२०१० साली घेतलेली ५०० जीबीची साटा (अरुंद केबलची) डिस्क नव्या बोर्डाला चालेल का? दुकानदार म्हणतो, जुन्या डिस्कने नवा बोर्ड जळतो.

चालेल. बोर्ड जळत नाही. दुकानदाराला नवी डिस्क विकायची आहे.

२००४ची डिस्क आहे, मागे रुंद पट्टीची केबल लागते. नव्या बोर्डावर तसे सॉकेटच नाही.

ती आयडीई डिस्क. इंटेलने २००६ साली मदरबोर्डावरच्या आयसीएच८ चिपपासून आयडीईचा आधार काढून टाकला. त्यानंतर काही वर्षे बोर्ड बनवणारे वेगळी चिप बसवून ते सॉकेट देत राहिले, मग तेही बंद झाले. तुम्हाला आयडीई-ते-यूएसबी अॅडॉप्टर हवा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून सोबत वीजपुरवठ्याचा वेगळा अॅडॉप्टर आहे ना, ते पाहून घ्या. नुसती केबल स्वस्तात मिळते, पण ती लावल्यावर डिस्क फिरतच नाही आणि लोक समजतात की डिस्क मेली. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात, तिला ५ व्होल्ट पुरतात. जंपर, म्हणजे डिस्कमागच्या पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’वर ठेवा. मोठ्या डिस्कच्या सॉकेटात एक पिन मुद्दाम गाळलेली असते, केबल उलटी जाऊ नये म्हणून. जात नसेल तर जोर लावू नका. एखादी पिन वाकली, तर सरळ करण्याच्या फंदात न पडता हात बसलेल्या माणसाकडे न्या.

आमचा छापखाना आहे. जुन्या डिस्कवर विंडोज एक्सपी, पाने लावायचे पेजमेकर आणि मराठी फाँटचे श्री-लिपी आहे. डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावली की निळा पडदा येतो.

येणारच. कोडच्या शेवटी ‘७बी’ असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाहीये, कारण नव्या बोर्डाच्या साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर एक्सपीत नाही. शिवाय कित्येक नवे बोर्ड जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) पद्धतीने सुरूच होत नाहीत. ‘सेटिंग बदलून चालू करून देतो’ म्हणणारा एखादा भेटेल आणि त्याने तसे करून दिलेही, तरी नेटवर्क, ग्राफिक्स, यूएसबी यांचे ड्रायव्हर कुठून आणणार? नव्या मशीनवर विंडोज नव्याने टाका आणि जुनी डिस्क दुसरी डिस्क म्हणून जोडून फाइली उचला.

दोन गोष्टी मात्र आधी पाहा. तुमच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे डाँगल, जुन्या प्रिंटर पोर्टचे असेल तर ते यूएसबीच्या साध्या प्रिंटर केबलवर सहसा चालत नाही. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारल्याशिवाय जुने मशीन भंगारात देऊ नका. दुसरे, जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसतात. फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त फाँट नसतो. हा कचरा पाहून ‘डेटा गेला’ म्हणत फॉरमॅट मारणारे लोक मी पाहिलेत आणि वर्षानुवर्षांच्या दिवाळी अंकांची पाने त्यात गेली.

एक्स्टर्नल ३ टीबी डिस्कचा डबा बिघडला. आतली डिस्क काढून कॅबिनेटमध्ये लावली, तर विंडोज म्हणते ‘इनिशियलाइझ करा’. करू का?

नाही. ‘फॉरमॅट करा’ असे विचारले तरी नाही. डेटा बहुधा जिथल्या तिथे आहे. काही डब्यांतला छोटा सर्किट बोर्ड डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर (डेटाचे कप्पे) संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतो. डिस्क थेट मदरबोर्डाला जोडली की हिशेब बदलतो आणि पार्टिशन सापडत नाही. काही डबे तर पासवर्ड न लावताही डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहितात. अशी डिस्क डब्यातल्या त्या बोर्डाशिवाय सहसा वाचता येत नाही, म्हणून बिघडलेला डबा फेकू नका. डिस्क आणि डबा दोन्ही घेऊन जाणकाराकडे जा.

नव्या बोर्डाला लावल्यापासून १ टीबीची जुनी डिस्क टक-टक आवाज करते, कधी दिसते, कधी गायब होते. एक मित्र म्हणतो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, दुसरा म्हणतो त्याच मॉडेलचे सर्किट बदल, व्हिडिओत विंडोजचे चेकडिस्क चालवायला सांगतात. वडिलांचे सगळे फोटो तिच्यात आहेत. सध्या गडबड आहे, दिवाळीनंतर बघतो.

हे वाचताक्षणी ती डिस्क बंद करा आणि केबल काढून ठेवा. नव्या बोर्डाचा यात दोष नाही. बहुधा वाचणारे हेड निकामी होत आले आहे. ते आपली जागा शोधते, सापडत नाही, परत मागे येते, तोच हा आवाज. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, म्हणून घरी झाकण उघडायचे नाव काढू नका. बिघडलेले हेड तबकडीला टेकले तर चुंबकीय थर खरवडून काढते. जिथला थर गेला, तिथला फोटो जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कमध्ये तबकडीवर दव धरते. बरफाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच. हा सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, फोटो तुमचे जातात. सर्किट बदलायचा सल्लाही अर्धवट आहे. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापे असतात आणि बहुतेक डिस्कमध्ये त्यांतली काही त्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असतात. चिप न हलवता दुसरे सर्किट लावले, तर मॉडेल तेच असूनही डिस्क सहसा वाचली जात नाही. आणि चेकडिस्क डेटा वाचवायला बनलेलेच नाही. ते फाइल सिस्टमचा हिशेब जुळवते आणि त्यासाठी त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहिते.

डिस्क आवाज न करता नुसती मंद झाली असेल, तर गोष्ट वेगळी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’ हे दोन आकडे बघा. पहिला शून्य नसेल तर आधी प्रत काढा, बाकी सगळे नंतर. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचे साधन चांगले भाग आधी उचलते, खराब भागांकडे शेवटी वळते आणि कुठवर आलो याची नोंद ठेवते. पूर्वी कधी वापरले नसेल, तर वडिलांच्या फोटोंवर शिकू नका.

तुमच्या टक-टक करणाऱ्या डिस्कला मात्र स्वच्छ (धूळमुक्त) खोली असलेली प्रयोगशाळाच हवी. तपासणीचे किती, डेटा न मिळाल्यास किती, हे आधी लिहून घ्या. काउंटरवरच स्क्रू काढायला लागले, तर डिस्क उचलून बाहेर पडा. आणि दिवाळीनंतर नाही, या आठवड्यात. दोन महिने रोज ‘आज दिसते का’ म्हणून चालू करून पाहिलेली एक डिस्क माझ्याकडे आली होती. तबकडीवर चकचकीत गोल चरे उठले होते. त्या गृहस्थांना काय सांगावे ते मला सुचत नव्हते.

एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी चपटी नवी डिस्क) लावल्यावर जुनी डिस्क दिसेनाशी झाली.

काही बोर्डांवर एम.२ वापरले की एकदोन साटा पोर्ट बंद होतात. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा. कोणते पोर्ट बंद होतात ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) नवा घेतला. जुन्या एसएमपीएसच्या साटा पॉवर केबल त्याला बसतात, वापरू का?

अजिबात नको. सुट्या केबलच्या एसएमपीएसमध्ये डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, तर त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एका क्षणात जातात. आधीच तसे झाले असेल, तर पुन्हा चालू करून पाहू नका. डिस्कच्या सर्किटवरच्या संरक्षक डायोडने झटका अंगावर घेतला असेल, तर डेटा शाबूत असू शकतो. अनुभवी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

बाजारात ४ टीबीची ‘नवी’ डिस्क निम्म्या किमतीत मिळते. जुन्यातला डेटा तिच्यात हलवू का?

तिचे ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ती किती तास चालली तो आकडा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. हजारोंत असतील, तर ती वापरलेली आहे. शून्य असले तरी विश्वास ठेवू नका, तो आकडा पुसता येतो. सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासा आणि पक्के बिल मागा. दुकानदार बिल देत नसेल, तर घेऊ नका.