गोएमोनविषयी खेळाडूंची मते इतकी टोकाची का आहेत?

आपण विचारले आहे की निन्टेन्डो ६४ या व्हिडिओ गेम कन्सोलवरील ‘मिस्टिकल निन्जा स्टारिंग गोएमोन’ या खेळाला काही जण त्या कन्सोलवरील सर्वांत लाडका खेळ मानतात आणि काही जण तो तासाभरात कंटाळून बंद करतात, तर यात खेळाचा गुण किती आणि बालपणीच्या आठवणींचा भाग किती. शिवाय आज तो प्रथमच खेळायला घ्यावा का. मी हा खेळ तीनदा पूर्ण केला आहे आणि माझ्या बाबतीत बालपणीच्या आठवणींचा प्रश्नच येत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलच्या नकला होत्या. निन्टेन्डो ६४ मी पाहिला तो शिक्षणासाठी परदेशी गेल्यावर, एका जुन्या वस्तूंच्या दुकानात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मोठ्या वयात, कोऱ्या मनाने खेळलेल्या माणसाचे मत समजावे.

कोनामी या जपानी कंपनीने हा खेळ जपानमध्ये १९९७ च्या ऑगस्टमध्ये आणि पाश्चात्त्य देशांत १९९८ मध्ये आणला. या तारखा महत्त्वाच्या आहेत, कारण त्रिमितीय साहसी खेळ कसा असावा याचा जो नमुना आज सर्वांच्या डोक्यात बसला आहे, तो ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ऑकारिना ऑफ टाइम’ हा खेळ १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये आला. म्हणजे गावे, किल्ले, दिवस-रात्र, आळीपाळीने वापरता येणारी चार पात्रे आणि चालत पार करायचा अख्खा मुलूख ही सारी मांडणी गोएमोनच्या चमूने त्या नमुन्याशिवाय केली. ज्यांनी हा खेळ आधी खेळला ते त्याच्यावर प्रेम करतात. ज्यांनी ‘ऑकारिना’नंतर खेळला त्यांना तो ओबडधोबड वाटतो. मतभेदाचे निम्मे कारण खेळण्याच्या या क्रमात आहे, असे मला वाटते.

उरलेले निम्मे कारण विनोदात आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. बहुतेक खेळाडू या खेळाला ‘विचित्र’ म्हणतात. कौतुक करणारेही आणि नावे ठेवणारेही. पीचच्या आकाराचे उडते जहाज एदोच्या (म्हणजे जुन्या टोकियोच्या) किल्ल्यावर किरण सोडून त्याला युरोपीय धर्तीचा महाल बनवते, निळ्या केसांचा नायक गोएमोन तंबाखू ओढायच्या नळीने शत्रूंना बडवतो, त्याचा जाडगेला मित्र एबिसुमारू नको तेथे नाचतो, आणि संवाद चालू असताना मागे प्रेक्षकांच्या हसण्याचा ध्वनिमुद्रित आवाज येतो. हे सारे एकत्र वाचले तर विचित्रच वाटेल. परंतु यातील बरीचशी सामग्री जपानी प्रेक्षकाच्या ओळखीची आहे. इशिकावा गोएमोन हा खराखुरा दरोडेखोर होता आणि १५९४ मध्ये तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने त्याला क्योतोमध्ये उकळत्या कढईत टाकून मारले गेले. चुलीवर तापणाऱ्या लोखंडी न्हाणीला जपानीत आजही ‘गोएमोनबुरो’ म्हणतात. पुढे काबुकी या जपानी नाट्यप्रकाराने त्याला लोकनायक केले. १७७८ मध्ये प्रथम रंगमंचावर आलेल्या एका प्रसिद्ध नाटकात तो नानझेन-जी मंदिराच्या महाद्वारावर बसून लांब नळी ओढत बहरलेल्या चेरीची शोभा पाहतो. (ते महाद्वार त्याच्या मृत्यूनंतर तीसएक वर्षांनी उभे राहिले, पण नाटककाराला त्याचे सोयरसुतक नव्हते.) खेळातील गोएमोनच्या हातातली नळी हीच. खेळातील आणखी एक पात्र सासुके, त्याचे नावही जुन्या निन्जा-कथांतून आले आहे, आणि एबिसुमारूच्या नावात सात भाग्यदेवतांपैकी एबिसू आहे.

सर्वांत गमतीची गोष्ट खलनायकांच्या नावात आहे. इंग्रजी आवृत्तीत त्यांना ‘पीच माउंटन शोगन’ म्हटले आहे आणि खेळाडू त्यावर केवळ मूर्खपणा म्हणून हसतात. मुळात ते ‘नवे मोमोयामा शोगनराज्य’ आहे. मोमोयामा म्हणजे पीचचा डोंगर हे खरेच, परंतु जपानी इतिहासात मोमोयामा हे हिदेयोशीच्या कालखंडाचे नाव आहे, म्हणजेच ज्याने खऱ्या गोएमोनला उकळून मारले त्याच्या राजवटीचे. चारशे वर्षांनंतर तो दरोडेखोर त्याच नावाच्या टोळीला नळीने झोडपतो आहे, हा विनोद भाषांतरात विरघळून गेला आणि मागे फक्त पीच उरले. या टोळीला अख्ख्या जपानचे पाश्चात्त्य पद्धतीच्या कलाकेंद्रात रूपांतर करायचे आहे. त्यांना नाचगाण्याचे वेड आहे. हे लक्षात घेतले की ध्वनिमुद्रित हशा खटकत नाही, कारण संपूर्ण खेळच रंगमंचावर चाललेला आहे. आपल्या तमाशात सोंगाड्या राजाच्या दरबारातही थेट प्रेक्षकांकडे वळून बोलतो आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. एबिसुमारूकडे त्या नजरेने पाहिले तर तो सहज समजतो.

संगीताबद्दल मात्र दोन्ही गटांत भांडण नाही. किल्ल्यांमध्ये जसजसे आत जावे तसतशी त्याच चालीत नवी वाद्ये मिसळत जातात, आणि एखाद्या दालनात अडकून पडले तरी कानांना त्रास होत नाही. सुरुवातीचे गीत हिरोनोबू कागेयामा यांनी आणि प्रचंड यंत्रमानव इम्पॅक्टचे गीत इचिरो मिझुकी यांनी गायिले आहे. हे दोघेही जपानी कार्टूनगीतांच्या क्षेत्रातील दिग्गज. पाश्चात्त्य आवृत्तीतही ही गाणी जपानीतच ठेवली, हा त्या काळी धाडसाचा निर्णय होता. शंख फुंकताच इम्पॅक्ट येतो, चाकांच्या बुटांवर घसरत घरेदारे तुडवतो, मग आपण त्याच्या डोळ्यांतून पाहत दुसऱ्या राक्षसी यंत्राशी मुष्टियुद्ध करतो आणि अडचण आली तर नाकातून नाणी झाडतो. या लढायांची नियंत्रणे किचकट आहेत ही तक्रार योग्यच आहे, तरीही मी त्या वगळायला कधीच तयार होणार नाही.

आता दोषांकडे वळू. कॅमेऱ्याविषयीची नाराजी पूर्णपणे रास्त आहे. अरुंद फळीवरून उडी मारताना तो भिंतीमागे जातो, आपण खड्ड्यात पडतो, आणि यात आपली चूक काय हे शेवटपर्यंत कळत नाही. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतचा मोकळा मुलूख रिकामा वाटतो हेही बऱ्याच अंशी खरे आहे; दूरवर धुके आहे, शत्रू विरळ आहेत आणि काही वाटा केवळ चालण्यासाठी आहेत. ‘पुढे कोठे जायचे ते खेळ सांगत नाही’ हा तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. गावकरी सांगतात, आणि पैसे मोजले तर भविष्य सांगणाराही सांगतो. जो खेळाडू संवाद भराभर पुढे ढकलतो तोच हरवतो, आणि या खेळात संवाद पुढे ढकलणे म्हणजे ताटातील मुख्य पदार्थ बाजूला सारणे होय.

एक व्यावहारिक सूचना, जी मला कोणी दिली नव्हती. हा खेळ प्रगती कार्ट्रिजमध्ये साठवत नाही. त्यासाठी कंट्रोलरच्या मागे बसणारा वेगळा मेमरी पॅक लागतो. विक्रेत्याने ते सांगितले नाही, मीही विचारले नाही, आणि पहिल्या रात्री पहाटेपर्यंत खेळलेले सारे कन्सोल बंद करताच गेले. जुना संच घेणार असाल तर पॅकची खात्री आधी करून घ्या.

प्रथमच खेळणाऱ्याने काय करावे, तर ‘ऑकारिना’ विसरून बसावे, प्रत्येक गावात प्रत्येकाशी बोलावे, चांदीच्या आणि सोनेरी मांजरबाहुल्या दिसतील तेथे गोळा कराव्यात म्हणजे प्राणशक्ती वाढत जाते, आणि इम्पॅक्टची पहिली लढाई होईपर्यंत मत बनवू नये. कॅमेरा अगदीच असह्य झाला तर त्याच कन्सोलवर १९९९ मध्ये पाश्चात्त्य देशांत आलेला ‘गोएमोन्स ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ घ्यावा. तो बाजूने दिसणारा, दोघांनी मिळून खेळता येणारा आहे आणि कारागिरीच्या दृष्टीने अधिक सफाईदार आहे. जुने यंत्र जमवणे शक्य नसेल तर ‘बाकेरू’ पाहावा. गोएमोन मालिकेवर दीर्घकाळ काम केलेल्या एत्सुनोबू एबिसू यांच्या गुड-फील या कंपनीचा तो खेळ २०२४ मध्ये जगभर उपलब्ध झाला असून त्यातही जपानभर भटकंती, लोककथा आणि थट्टामस्करी आहे. मला स्वतःला तो गोएमोनपेक्षा गुळगुळीत आणि किंचित कमी खोडकर वाटला, पण त्याचा कॅमेरा मात्र भिंतीमागे जात नाही.