नववी-दहावीच्या मुलांना मोलची (पदार्थातले कण मोजायच्या एककाची) गणितं कशी शिकवावीत? सूत्र पाठ आहे, तरी उत्तर चुकतं.

बहुतेकदा भागाकार चुकत नाही. मुलं समीकरणातले सहगुणक (पदार्थांआधी लिहिलेले आकडे) ग्रॅम समजून वापरतात, तिथे गाडी अडते. म्हणून सुरुवात असं उदाहरण घेऊन करा, ज्यात गुणोत्तर १:१ नाही.

२ मॅग्नेशिअम + १ ऑक्सिजन रेणू → २ मॅग्नेशिअम ऑक्साइड. ६ ग्रॅम मॅग्नेशिअमला किती ऑक्सिजन लागेल? २:१ पाहून मुलं पटकन ३ ग्रॅम म्हणतात. फळ्यावर तीन रकाने आखा: ग्रॅम, मोल, ग्रॅम. एक मोल मॅग्नेशिअम २४ ग्रॅमचं, म्हणून ६ ÷ २४ = ०.२५ मोल. सहगुणक फक्त मधल्या रकान्यात वापरायचे, म्हणून ऑक्सिजन ०.१२५ मोल. एक मोल ऑक्सिजन ३२ ग्रॅमचा, म्हणून ०.१२५ × ३२ = ४ ग्रॅम. ऑक्साइडचा एक मोल ४० ग्रॅमचा, म्हणून ऑक्साइड ०.२५ × ४० = १० ग्रॅम. ६ + ४ = १०, ताळा जुळला. हा ताळा प्रत्येक गणितात करायला लावाच, निम्म्या चुका मुलांना स्वतःलाच सापडतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे सहगुणक दोनदा वापरणं. मॅग्नेशिअमसाठी २४ ऐवजी ४८ ने भागतात, मग पुन्हा निम्मं करतात, उत्तर येतं २ ग्रॅम. ऑक्सिजनसाठी ३२ ऐवजी १६ घेणारेही असतात. रेणूत दोन अणू आहेत हे चित्र काढून दाखवा.

मुशीत (तापवायच्या छोट्या भांड्यात) मॅग्नेशिअम जाळून हा प्रयोग करणार असाल तर तिचं झाकण अधूनमधून किंचितच उचला. पांढरा धूर बाहेर गेला की वजन कमी भरतं. हवा पुरेशी मिळाली नाही तर धातू जळायचा राहतो.

मर्यादित अभिक्रियाकारकाची (जो पदार्थ आधी संपतो त्याची) गणितं मात्र हे पक्कं झाल्यावरच घ्या.